किती नग तपासायचे?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय कागदावर 'तपासणीसाठी नमुन्याचा आकार' असा छापलाय. वाचून जरा झोप येते, मान्य आहे. पण इथे बसलेल्यांपैकी बरेच जण हा प्रश्न रोज सकाळी सोडवतात. टेम्पो दारात उभा आहे, त्यात हजार बुश आहेत. चलनावर सही करायची आहे, आणि पलीकडे असेंब्ली लाइन मालाची वाट बघते आहे. सगळे हजार नग गेजवर घालून बघायला वेळ नाही आणि माणूसही नाही. मग किती बघायचे? पाच? पन्नास? शंभर? आणि जेवढे बघितले तेवढे सगळे चांगले निघाले, तर न बघितलेल्या नगांबद्दल मला नेमकं काय म्हणता येईल?

हा प्रश्न कुठेही विचारला तर साधारण दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे 'प्रत्येक पेटीतले पाच'. दुसरं, 'दहा टक्के'. का, असं विचारलं तर 'पहिल्यापासून असंच आहे' हे तिसरं उत्तर मिळतं. आता, चुकीच्या उत्तराचे पैसे कोणीतरी भरतच असतं. चांगला लॉट परत गेला तर भोसरीतल्या दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपला डेबिट नोट येते, माल परत आणायचं भाडं पडतं, सगळा लॉट पुन्हा निवडायला दोन शिफ्ट जातात. खराब लॉट आत गेला तर लाइन थांबते, किंवा त्याहून वाईट म्हणजे लाइन थांबत नाही आणि तो नग गाडीत बसून रस्त्यावर जातो. म्हणून हा आकडा सवयीवर सोडण्यासारखा नाही.

आधी दहा टक्क्यांचा समाचार घेऊ. हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. मोठा लॉट असेल तर नमुना मोठा, लहान असेल तर लहान. समजा, एका पुरवठादाराचा माल कायम सारखाच येतो, शंभरात चार नग खराब. आपला नियम असा: दहा टक्के नग काढायचे, त्यात एक जरी खराब निघाला तरी लॉट परत.

पन्नासचा लॉट आला. त्यात दोन खराब आहेत. आपण पाच काढले. ते दोन्ही खराब नग आपल्या हाताला न लागण्याची शक्यता किती? पहिला खराब नग न काढलेल्या ४५ मध्ये असण्याची शक्यता ५० पैकी ४५. दुसराही तिथेच असण्याची ४९ पैकी ४४. दोन्हींचा गुणाकार करा, ८१ टक्के येतात. म्हणजे हा लॉट पाचपैकी चार वेळा पास होणार. आता शंभरचा लॉट घ्या, त्यात चार खराब, आपण काढले दहा. पास होण्याची शक्यता ६५ टक्के. दोनशेचा लॉट, वीस काढले, ४२ टक्के. आणि हजारचा लॉट, शंभर काढले, तर पास होण्याची शक्यता एक टक्क्याच्या जेमतेम वर!

माल तोच आहे, मशिन तेच आहे, माणूसही तोच आहे. फक्त चलनावरचा आकडा बदलला, आणि निकाल ८१ टक्क्यांवरून एक टक्क्यावर आला. पुरवठादार हुशार असेल तर तो हजार नग एकदम पाठवणारच नाही. पन्नास-पन्नासच्या वीस चलनांवर पाठवेल. वीसातली सोळा आरामात पास. (हशा) हसू नका, असं करणारे लोक आहेत, आणि त्यांना संख्याशास्त्र कोणी शिकवलेलं नसतं. अनुभवाने कळतं.

आता उलटं करून बघू. लॉट कितीचाही असो, आपण नेहमी वीसच नग काढायचे. माल तोच, शंभरात चार खराब. शंभरच्या लॉटला पास होण्याची शक्यता ४० टक्के. दोनशेला ४२. हजारला ४४. एक लाखाचा लॉट आला तरी ४४ टक्केच! लॉट हजारपट झाला आणि निकाल जवळजवळ जागचा हलला नाही.

इथे बरेच जण अडतात, म्हणून जरा थांबतो. एक लाखातले वीस म्हणजे काहीच नाही, असं आपलं मन म्हणतं. पण आपल्याच भाषेत याचं उत्तर आहे: शितावरून भाताची परीक्षा. पातेलं दोघांच्या भाताचं असो नाहीतर लग्नाच्या पंगतीचं, स्वयंपाकी दोन-चार शितंच चिमटीत घेऊन दाबून बघतो. पातेलं मोठं म्हणून तो शंभर शितं घेत नाही. किती शितं घेतली यावर त्याची खात्री अवलंबून असते, पातेल्यात किती आहेत यावर नाही. अर्थात या म्हणीत एक अट दडलेली आहे. भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. खाली करपला असेल तर वरचं शीत ते सांगत नाही. ही अट आपल्याला पुढे लागणार आहे.

तर लॉट किती मोठा, हा प्रश्न मुळातच दुय्यम आहे. लॉट फार लहान असेल तर त्याला महत्त्व येतं, ते नंतर बोलू. पण नमुना ठरवताना पहिला प्रश्न वेगळा विचारायचा असतो: किती खराब लॉट मला दारातून आत येऊ द्यायचा नाही, आणि तसा लॉट आलाच तर तो किती वेळा माझ्या हातून निसटलेला मला चालेल?

याची सगळ्यात सोपी आवृत्ती म्हणजे 'एकही खराब निघाला नाही' ही परिस्थिती. आपल्याकडे रिपोर्टवर लिहितात: तपासले ५०, रिजेक्ट ०. वाचणारा मनात म्हणतो, लॉटमध्ये खराब काही नाही. पण त्या रिपोर्टमध्ये तसं काहीही लिहिलेलं नाही. याला एक सोपा ठोकताळा आहे, तीनचा नियम म्हणतात. तपासलेल्या नगांच्या संख्येने तीनला भागायचं. पन्नास तपासले, सगळे चांगले निघाले, तर तीन भागिले पन्नास म्हणजे ६ टक्के. अर्थ असा की, लॉटमध्ये ६ टक्क्यांहून जास्त खराब माल नसावा, असं आपण ९५ टक्के खात्रीने म्हणू शकतो. त्याहून कमीबद्दल आपण काहीच बोललेलो नाही. दोन टक्के खराब असू शकतील, चारही असू शकतील.

हे तीन आले कुठून? समजा शंभरात एक खराब आहे आणि आपण तीनशे काढले. सरासरीने तीन खराब मिळायला हवेत. सरासरी तीन असताना एकही न मिळण्याची शक्यता साधारण ५ टक्के असते. म्हणून तीन. नेमकं गणित केलं तर खराबी १ टक्क्याच्या आत आहे हे ९५ टक्के खात्रीने म्हणायला २९९ नग लागतात, आणि तेही सगळे चांगले निघाले पाहिजेत. ५ टक्क्यांच्या आत म्हणायला ५९. १० टक्क्यांच्या आत म्हणायला २९. हे तीन आकडे कागदावर लिहून इनवर्डच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.

आता याच हिशेबाने वर जाऊ. आजकाल गाड्यांच्या धंद्यात सगळे पीपीएममध्ये बोलतात, दहा लाखात किती खराब. ग्राहक म्हणतो १०० पीपीएम हवं. म्हणजे दहा हजारात एक. हे तपासणीने सिद्ध करायचं तर जवळजवळ तीस हजार नग तपासायला हवेत आणि एकही खराब निघता कामा नये. हजारचा लॉट येतो तुमच्याकडे! तेव्हा नमुना काढून पीपीएम सिद्ध करतो असं कोणी म्हणत असेल तर त्याला हा आकडा दाखवा. तिथे उत्तर मशिनपाशी शोधावं लागतं, दारात नाही.

आता जोखमीकडे येतो. नमुना काढला की दोन प्रकारच्या चुका होतात, आणि त्या वेगवेगळ्या माणसांच्या खिशातून जातात. चांगला लॉट योगायोगाने नापास झाला, तर नुकसान बनवणाऱ्याचं. तिला उत्पादकाची जोखीम म्हणतात. खराब लॉट योगायोगाने पास झाला, तर नुकसान घेणाऱ्याचं. ती ग्राहकाची जोखीम. हा विचार अशा स्पष्ट रूपात आला तो अमेरिकेत, टेलिफोनच्या धंद्यात. वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी टेलिफोनची उपकरणं बनवायची, आणि बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग हे दोघं तपासणीच्या कामावर होते. १९२९ साली त्यांनी नमुना-तपासणीच्या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला, पुढे त्यांचे तक्तेही छापले गेले. त्यांनी प्रश्न उलटा करून विचारला. 'किती टक्के तपासू?' हे सोडून 'कोणती जोखीम किती ठेवू?' असं विचारलं, आणि मग नमुन्याचा आकार उत्तर म्हणून बाहेर आला.

दुसऱ्या महायुद्धात याला फार जोर आला. कारण दारूगोळा. काडेपेटीतली प्रत्येक काडी पेटते की नाही हे बघायचं असेल तर सगळी काडेपेटी जाळावी लागेल, मग विकणार काय? जिथे तपासणीत नगच संपतो तिथे नमुन्याशिवाय दुसरा मार्गच नाही. युद्धानंतर, १९५० साली, अमेरिकन सैन्याचं मिल स्टँडर्ड १०५ आलं. त्यावरून पुढे आयएसओ २८५९ आलं, आणि आपल्याकडचं आयएस २५०० भाग १ त्याच कुळातलं. तुमच्या कपाटात एक्यूएलचा जो तक्ता आहे तो हाच.

त्या तक्त्यातली एक ओळ उघडून बघू. लॉट ५०१ ते १२००, सर्वसाधारण पातळी दोन, एक्यूएल १ टक्का. तक्ता सांगतो: ८० नग काढा, दोनपर्यंत खराब निघाले तर लॉट घ्या, तीन निघाले तर परत करा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आता या योजनेतून कसला लॉट किती वेळा पास होतो ते बघा. खरोखर १ टक्का खराब असलेला लॉट शंभरात ९५ वेळा पास होतो. ठीक. २ टक्के खराब असेल तर ७८ वेळा. ३ टक्के असेल तर ५७ वेळा. ५ टक्के असेल तर २३ वेळा. आणि साडेसहा टक्के खराब असलेला लॉटसुद्धा दहातून एकदा पास होतो.

म्हणजे काय झालं? ज्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात '१ टक्का' लिहिलंय, त्या दारातून तीन टक्के खराबीचा लॉट निम्म्याहून जास्त वेळा आत येतो. तक्ता चुकीचा आहे का? नाही. तो १ टक्क्याचा आकडा पुरवठादाराला दिलेलं आश्वासन आहे: तुझा माल १ टक्क्याच्या आत असेल तर मी तो उगाच परत करणार नाही. घेणाऱ्याला काय संरक्षण मिळतं ते साडेसहाचा आकडा सांगतो, आणि तो तक्त्याच्या त्या पानावर नसतो. तो बघायला ओसी कर्व्ह उघडावा लागतो. मानकाच्या पुस्तकात ती पानं असतात, पण झेरॉक्स मात्र एका तक्त्याचीच काढली जाते.

झेरॉक्समध्ये आणखी एक गोष्ट सुटते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. हा तक्ता एकट्या लॉटसाठी बनवलेला नाही. एकाच पुरवठादाराकडून सतत येणाऱ्या लॉटच्या रांगेसाठी तो आहे. लागोपाठच्या पाच लॉटपैकी दोन परत गेले, की कडक तपासणीवर जायचं. आपल्या उदाहरणात तेव्हाही ८० नगच काढायचे, पण आता एकच खराब चालेल. मग तीन टक्के खराबीचा लॉट ५७ ऐवजी ३० वेळाच पास होतो. लागोपाठ पाच लॉट चांगले आले तर परत नेहमीच्या तपासणीवर यायचं. आणि कडक तपासणी चालू असताना पाच लॉट नापास झाले, तर तपासणी थांबवायची, पुरवठादाराने सुधारणा केल्याशिवाय माल घ्यायचा नाही. खरा दात या नियमांमध्ये आहे. ते वगळून नुसता तक्ता वापरणं म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली त्यालाच अडकवून ठेवायची.

आता कोणी म्हणेल, हे दोन खराब चालतील, तीन चालणार नाहीत, असलं काही नको. आम्हाला शून्य हवं. गाड्यांच्या क्षेत्रातलं आयएटीएफ १६९४९ हे मानकही म्हणतं की गेजवर पास-नापास अशी नमुना-तपासणी करत असाल तर शून्य दोष हीच स्वीकाराची पातळी. तत्त्व म्हणून बरोबर आहे. खराब नग हातात आलेला असताना 'चालेल' असं म्हणून लॉट पुढे ढकलायचा, हे मलाही पटत नाही. पण शून्य हा शब्द ऐकून आपण निर्धास्त होतो, तिथे घोटाळा आहे. १ टक्का एक्यूएललाच शून्य स्वीकाराची तक्त्यातली योजना आहे १३ नगांची. तेरा काढा, एकही खराब चालणार नाही. ही ८० नगांच्या योजनेपेक्षा कडक वाटते ना? ५ टक्के खराबीचा लॉट ८० च्या योजनेत २३ वेळा निसटतो. १३ च्या योजनेत ५१ वेळा! आणि १ टक्क्याचा बरा लॉट ८० च्या योजनेत शंभरात पाच वेळा परत जातो, १३ च्या योजनेत १२ वेळा. म्हणजे घेणाऱ्याचंही नुकसान जास्त आणि बनवणाऱ्याचंही. नग कमी काढले तर माहितीच कमी मिळते. वर शून्य लिहून ती वाढत नाही.

मघाशी म्हटलेली भाताची अट आता बघू. आतापर्यंतची सगळी गणितं एका गोष्टीवर उभी आहेत: नमुना सरमिसळ करून, कोणाच्याही आवडीनिवडीशिवाय काढलेला आहे. आंब्याची पेटी घेताना आपण सगळे खालचा थर बघतो. बघतो की नाही? मग बुशची पेटी उघडताना वरचेच पाच नग का उचलतो? कारण खाली हात घातला की तेलात बरबटतो. आणि पुरवठादाराने वर चांगले मांडले असतील असंही नाही, बहुतेक वेळा कोणाचाही वाईट हेतू नसतो. पण यंत्रावरची खराबी अशी शिंपडल्यासारखी विखुरलेली नसते. ती सलग येते. सीएनसीवर इन्सर्टचा कोपरा उडाला, की तिथून पुढचा प्रत्येक नग खराब, ऑपरेटरच्या लक्षात येईपर्यंत. ते सगळे एकाच पेटीत, एकाच थरात असतात. त्या थराला तुमचा हात लागला नाही तर ८० काय नि २०० काय. म्हणून पेट्या किती आहेत ते बघा, प्रत्येकीतून, वरून, मधून, खालून काढा. आणि पुरवठादाराशी बोलून पेटीवर तास किंवा शिफ्ट लिहून घेता आली तर फारच उत्तम.

काम कमी करायचे मार्ग आहेत, ते पटकन सांगतो. एक म्हणजे दोन टप्प्यांचा नमुना. आधी थोडे काढायचे. लॉट फार चांगला किंवा फार वाईट असेल तर तिथेच निकाल, मधला असेल तरच दुसरा नमुना. हाही डॉज आणि रोमिगचाच. त्याचं टोक म्हणजे एकेक नग तपासत जायचं आणि प्रत्येक नगानंतर ठरवायचं: घ्या, परत करा, की पुढचा बघा. हे गणित अब्राहम वाल्ड यांनी १९४३ साली मांडलं. तेवढ्याच जोखमीला सरासरीने साधारण निम्मे नग पुरतात, त्यामुळे युद्ध चालू असेपर्यंत ते गुप्त ठेवलं होतं. वाल्ड भारतात व्याख्यानांसाठी आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीत विमान अपघातात गेले. त्यांचं वय तेव्हा ५० पूर्णही नव्हतं.

दुसरा मार्ग म्हणजे 'जातं की नाही जात' एवढंच न बघता माप घेणं. प्लग गेज फक्त हो किंवा नाही सांगतो. बोअर गेजने व्यास मोजला तर तो सीमेपासून किती आत आहे तेही कळतं. पंचवीस मापं जर सगळी वरच्या सीमेला चिकटलेली असतील, तर एकही नग खराब नसताना तुम्हाला धोका दिसतो. तेवढीच माहिती नुसत्या गेजवर मिळवायला कितीतरी जास्त नग लागतील.

आणि शेवटी, तपासावं की नाही हाच प्रश्न. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचा एक साधा हिशेब आहे. एक नग तपासायला किती खर्च येतो? समजा दोन रुपये. खराब नग आत जाऊन असेंब्लीत सापडला तर किती खर्च? समजा चारशे. दोन भागिले चारशे, म्हणजे अर्धा टक्का. पुरवठादाराची प्रक्रिया स्थिर असेल आणि खराबी कायम अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल, तर न तपासता घेणं स्वस्त. कायम वर असेल, तर सगळेच्या सगळे तपासणं स्वस्त. मधल्या नमुन्याला अशा वेळी अर्थच उरत नाही. नमुन्याचा उपयोग कुठे? पुरवठादार नवीन आहे, प्रक्रिया डळमळीत आहे, या लॉटमध्ये काय असेल ते सांगता येत नाही, तिथे. तपासणीवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण ते दोन आकडे तुमच्या अकाउंटच्या माणसाकडून मागून बघा. बऱ्याच ठिकाणी दुसरा आकडा कोणी काढलेलाच नसतो.

प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: आमचे लॉटच लहान असतात, तीस-तीसचे. मग ५९ कुठून आणायचे?

उत्तर: हाच तो लहान लॉट, ज्याच्याबद्दल नंतर बोलू म्हटलं होतं. तीसमध्ये तीन खराब असतील आणि त्यातला निदान एक तरी ९० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर १६ नग काढावे लागतात. निम्म्याहून जास्त. आणि एकच खराब असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी २७. सत्तावीस बघायचे तर तीस बघा की! लहान लॉटला सगळे तपासा. किंवा तो पुरवठादार दर आठवड्याला तीस पाठवत असेल, तर लॉट सुटा न बघता दोन महिन्यांची नोंद एकत्र ठेवा. आठ आठवड्यांचे २४० नग झाले. मग त्या माणसाच्या प्रक्रियेबद्दल बोलता येतं.

प्रश्न: ब्रेकच्या भागांसाठी किती एक्यूएल घ्यावा?

उत्तर: कुठलाच घेऊ नका. एक्यूएल म्हणजे अमुक इतके खराब नग येतच राहतील हे धरून केलेली योजना. जिथे माणूस मरू शकतो तिथे ते धरून चालता येत नाही. तिथे मशिनवरच प्रत्येक नग मोजणारं स्वयंचलित गेजिंग हवं, चुकीचा नग फिक्स्चरमध्ये बसूच शकणार नाही अशी रचना हवी. ज्या चाचणीत नग मोडतो, उदाहरणार्थ हीट ट्रीटमेंटनंतर कापून आतला कडकपणा बघणं, तिथे नमुना लागणारच. पण तो भट्टीच्या प्रत्येक बॅचमधून घ्या, पेट्या मोजून नको. आणि 'सगळे तपासले' या शब्दावर फार विसंबू नका. एक माणूस आठ तास डोळ्याने एकसारखे नग बघत असेल तर काही निसटतातच.

प्रश्न: आमचे साहेब म्हणतात पाच बघा आणि सोडा. त्यांना काय सांगू?

उत्तर: आधी त्यांना विचारा, पाच नग कशासाठी बघतो आहोत. चुकीचं मटेरियल आलं असेल, जुन्या ड्रॉइंगवर बनवलं असेल, भोकाची बाजूच उलटी असेल, तर सगळा लॉट एकसारखा चुकलेला असतो. त्याला पाच पुरतात, एकही पुरतो. तेवढ्यासाठी साहेब बरोबर आहेत. पण विखुरलेली खराबी पकडायची असेल तर हे आकडे दाखवा. दहात एक नग खराब असलेला लॉट पाच नगांच्या तपासणीतून शंभरात ५९ वेळा पास होतो. पाचात एक खराब असेल तरी ३३ वेळा. साहेबांचा विश्वास बसला नाही तर एका डब्यात ८० चांगले आणि २० खराब नग घाला, खराबांना खालून रंगाचा ठिपका लावा, नीट कालवा, आणि साहेबांनाच डोळे मिटून पाच उचलायला सांगा. उचललेले परत टाका, पुन्हा कालवा, असं वीस वेळा. साधारण सहा-सात वेळा एकही ठिपका येणार नाही. तो कागद त्यांच्यासमोर भरा आणि प्रत्येक वेळी विचारा, हा लॉट घ्यायचा का?